तेल चालेल, स्टिकर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आम्हा ख्रिस्ती लोकांकडे सध्या कन्व्हेन्शनचा, म्हणजे मोठ्या प्रार्थनासभांचा सीझन चालूय आणि चौकाचौकात फ्लेक्स लागलेत. मधोमध कोटातल्या प्रचारकाचा भलामोठा फोटो, खाली कमिटी मेंबरांचे पासपोर्ट साइज चेहरे, आणि क्रूस बघायचा तर कोपऱ्यात, मोबाईल नंबरच्या शेजारी. मी अहिल्यानगरकडच्या जुन्या मिशनच्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला. मूर्तिपूजेवर आमच्याकडे उपदेश भरपूर होतात, पण बोट कायम दुसऱ्याच्या देव्हाऱ्याकडे. शेजाऱ्याच्या देवाबद्दल मला काही म्हणायचं नाही, आपल्याच घरात काय मांडून ठेवलंय तेवढंच बोलतो.

ओळखीतल्या एका मावशींकडे कपाटात बायबलला टेकून तेलाची बाटली आहे, त्यावर प्रचारकाच्या फोटोचा स्टिकर. नातू परीक्षेला निघाला की कपाळाला बोट, गुडघा दुखला की गुडघ्याला. आता आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करा हे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातच आहे, पण तिथे मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जबाबदार ज्येष्ठांना बोलवा म्हटलंय, फोटोवाली बाटली कुरिअरने मागवा असं नाही. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पास्टर, म्हणाले साधं खोबरेल आणा, मी येऊन प्रार्थना करतो, तर मावशी म्हणाल्या, ते कसं चालेल, त्याला पॉवर नाही ना. बस, गोची इथेच आहे. विश्वास तेलावरही नाही आणि प्रभूवर तर नाहीच, स्टिकरवर आहे.

बायबलमधल्या '2 राजे' या पुस्तकात 18व्या अध्यायात हिज्कीया राजा पितळेचा साप फोडतो, ते वाचून बघा. हा साप कोणी परक्यांनी आणलेला नव्हता, मोशेने देवाच्याच सांगण्यावरून बनवलेला, त्याच्याकडे बघून रानात सर्पदंश झालेली माणसं वाचलेली. कित्येक पिढ्यांनंतर लोक त्याच्यापुढेच धूप जाळायला लागले. फोडणं किती अवघड गेलं असेल, कारण वस्तू खरोखर देवाने दिलेली होती. वाईट गोष्ट सोडायला कोणीही सांगेल हो, चांगल्या गोष्टीची मूर्ती झाली की कळतच नाही.

पैशाबद्दल फार लिहीत नाही, लोभ म्हणजे मूर्तिपूजाच असं बायबलमध्ये पौलाने कलस्सैकरांना पत्रात लिहून टाकलंय आणि तरी देवाने काय दिलं हे सांगणाऱ्या आमच्या साक्षी फ्लॅट आणि व्हिसाच्याच असतात. पण एका गोष्टीवर कोणीच बोलत नाही, ती म्हणजे जात. बाप्तिस्मा झाला, नावं बदलली, एका टेबलावर प्रभुभोजन घेतो, आणि मुलीचं लग्न जमवताना हळूच "मूळचे कोण हो तुम्ही?" बायोडेटात सरळ रकाना असतो. माझ्या मते ही सगळ्यात जुनी मूर्ती आहे आणि आपण ती बाप्तिस्म्याच्या पाण्यातून कोरडी बाहेर काढलीय.

सोडणं जमतच नाही असं नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, मिशनमध्ये मोठं नाव, हक्काचा पगार. 1917 साली त्यांनी ते सगळं सोडलं आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. 1919 मध्ये ते गेलेच, म्हणजे हाताशी जेमतेम दोन वर्षं. मिशन काय वाईट होतं का? शाळा, दवाखाने, सगळं तिथूनच आलं. तरी त्यांनी सोडलं. आपण त्यांची गीतं 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडून डोळे मिटून म्हणतो आणि चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीची इलेक्शन आली की खुर्चीसाठी कोर्टात जातो, अर्पणाच्या पैशातून वकील लावून, वर परत प्रार्थनेने सुरुवात!

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, आमचे लोक मटण सोडतात, ईस्टरला दुप्पट खातात, चालायचंच. माझं म्हणणं एवढंच की यंदा कन्व्हेन्शनच्या फ्लेक्सवर एकाही माणसाचा चेहरा नको, फक्त वचन, तारीख आणि जागा. जमाखर्च नोटीस बोर्डावर लावा. आणि मंडळीकडे येणाऱ्या बायोडेटातला जातीचा रकाना पाळकांनी स्वतः पेनाने खोडावा. प्रचारकाच्या फोटोशिवाय गर्दी निम्मी झाली तर होऊ द्या, निदान कोण कशासाठी येत होतं ते तरी कळेल. हेच सगळं मी आमच्या कमिटीला लेखी दिलंय, अजून उत्तर नाही, म्हणून तुमच्याकडे पाठवतोय.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, अहिल्यानगर