गोठ्यावर लाखभर खर्च करता, मग फाटकाच्या कडी-बिजागरीकडे पण बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात शेतीच्या पानावर गोठ्याबद्दल नेहमी येतं, मुक्त संचार गोठा कसा करायचा, शेड किती उंच, मुरघास, रबर मॅट, फॉगर, सगळं येतं आणि आम्ही ते वाचतो, कात्रणं पण ठेवतो. पण गोठ्याचं फाटक आणि जनावर धरायचा खोडा, त्यातही त्याची बिजागरी, कडी, पिन, ह्याबद्दल कधीच काही येत नाही. आणि खरं सांगायचं तर माणसाचं बोट चेंगरणं, गाईची कास फाटणं, वासरू बाहेर पडून रस्त्यावर जाणं, हे सगळं शेडच्या पत्र्यामुळे नाही होत, त्या कडी-बिजागरीपाशीच होतं.

2021 च्या योजनेत रोजगार हमीतून गोठ्याला 77,188 रुपये ठरले, दोन ते सहा जनावरांसाठी. गावात कुणालाही विचारा, गव्हाण केवढी, मूत्राची टाकी 250 लिटरची, पाण्याची 200 लिटरची, सगळं पाठ असतं. फाटकाचं विचारलं तर उत्तर एकच, ते वेल्डिंगवाला करून देतो. वेल्डिंगवाल्याचा दोष नाही हो, तो बिचारा घराच्या कंपाउंडचं गेट करतो तसंच गोठ्याचं करतो, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की ह्या गेटवर साडेचारशे किलोची गाय रोज मान घासणार आहे.

आता बिजागरीचं बघा. कपाटाला लावतात तशी चपटी पत्र्याची बिजागरी गोठ्याला चालत नाही, जाड पाइपचं बुश, म्हणजे पिन फिरायची नळी, आणि त्यात सोळा नाहीतर वीस एमएम सळईची पिन पाहिजे. आणि दोन्ही पिना वर तोंड करून लावल्या असतील तर गाय फाटकाच्या खालच्या पाइपखाली मुंडकं घालून उचलते आणि अख्खं फाटक पिनेतून निघून येतं, वासरं तर खाली असतातच. ह्याला उपाय फार सोपा आहे, खालची पिन वर तोंड करून आणि वरची पिन खाली तोंड करून लावायची, मग फाटक उचलून निघत नाही. आधीच लावलेलं असेल तर पिनेच्या डोक्याला भोक पाडून वॉशर आणि स्प्लिट पिन टाका, दहा मिनिटांचं काम आहे.

दहा फुटाचं फाटक असेल आणि गाय कडीच्या टोकाला रेलली तर सगळा पीळ बिजागरीवर आणि खांबावर येतो, म्हणून खांबात काटकसर करू नका, चार इंची पाइप आणि तीन फूट खोल काँक्रीट. फाटक खाली लोंबायला लागलं की लोक कडीची बाजू उचलून उचलून लावतात, रोज दोन वेळा, घरातल्या बायकांना तर हे फार जड जातं कारण धारेच्या वेळी गोठ्यात जास्त त्याच असतात. त्यापेक्षा बिजागरीच्या वरच्या कोपऱ्यापासून कडीच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी तार टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा पेच, लावून ताणा, फाटक परत वर येतं.

कडीबद्दल माझं म्हणणं एवढंच की ती एका हाताने उघडली पाहिजे आणि आतून बाहेरून दोन्हीकडून उघडली पाहिजे. एका हातात बादली असते, मागून गाय ढकलत असते, तिथे दोन हात कुठून आणायचे. साधा अल्ड्रॉप, म्हणजे सरकवायच्या दांडीची कडी, लावला तर त्याची दांडी बाहेर येते, जाता जाता गाईच्या मांडीला नाहीतर सडाला लागते, आणि हुशार गाय जिभेने ती दांडी सरकवते सुद्धा, ज्यांच्याकडे गाई आहेत त्यांना हे सांगायला नको. स्प्रिंगची कडी, नाहीतर साखळी आणि खाच, म्हणजे साखळीची कडी खाचेत वरून टाकायची, हे दोन्ही चांगले. पिन असेल तर ती बारीक साखळीने फाटकालाच बांधून ठेवा, हरवली की तिच्या जागी बाइंडिंग तारेचा पिळा येतो आणि मग तो पिळा वर्षभर तसाच राहतो. गोठ्याशेजारी कडब्याची गंज असते, वायरिंग जुनं असतं, रात्री आग लागली तर तो पिळा सोडायला पक्कड शोधायची का?

आवाजाचं पण बोललं पाहिजे. लोखंडावर लोखंड आपटलं की गाई बिचकतात, अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या टेम्पल ग्रँडिन बाईंनी आयुष्यभर ह्याच विषयावर काम केलंय, जनावर कशाला घाबरतं, कुठे अडतं, आणि फाटकांचा खणखणाट कमी करा हे त्यांचं कायमचं सांगणं आहे. आपल्याकडे त्याला खर्च सुद्धा नाही, जुन्या टायरचा तुकडा जिथे फाटक आपटतं तिथे बोल्टने बसवला की काम झालं.

आता खोड्याकडे येतो, कारण माझं पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे. गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापुढे खोडा असतो. बऱ्याच ठिकाणी त्याचा पाइप जमिनीलगत गंजून कागदासारखा झालेला, आडव्या दांडीची पिन गायब, तिच्या जागी दोरी. ह्याच खोड्यात कृत्रिम रेतन, गाभण तपासणी, लाळ्या खुरकूतची लस, कानातला बारा आकडी बिल्ला, सगळं होतं. 2022 ला जनावरांचा लम्पी त्वचारोग आला तेव्हा एवढी जनावरं धरून लस टोचायची होती, तेव्हा कळलं की गावात धड एक खोडा नाही, वेसण धरून आणि झाडाला बांधून कामं उरकली. डॉक्टर आणि पर्यवेक्षकांनी जीव धोक्यात घालून ती केली, त्यांना लाथा बसल्या, हे आपण विसरून चाललोय.

खोड्यात सगळ्यात वाईट काय होतं तर जनावर मान अडकलेली असताना खाली बसतं किंवा पडतं. मग त्याचं सगळं वजन मानेच्या दांडीवर, दांडीचा दाब पिनेवर, आणि पिन हलत नाही. लोक हातोडी शोधतात, तोवर जनावर गुदमरतं. म्हणून मानेची दांडी बाहेरच्या बाजूला उघडणारी आणि आकड्याने धरलेली पाहिजे, एका ठोक्यात आकडा सुटला पाहिजे, वजन असताना पण सुटला पाहिजे. जिथे पिनच आहे तिथे 16 एमएमची पिन 18 एमएमच्या भोकात सैल बसवा, भोकाची धार घासून घ्या. मागची आडवी दांडी टाकताना हात किंवा खांदा तिच्या मागे ठेवू नका, गाय अचानक मागे येते आणि दांडी सरळ माणसाला लागते, हात मोडल्याच्या गोष्टी प्रत्येक तालुक्यात ऐकायला मिळतील. आणि जिथे लांब गल्लीसारखी वाट आहे तिथे माणसाला निसटायला चौदा इंचाची फट ठेवा, माणूस आडवा होऊन निघतो, मोठं जनावर निघत नाही.

देखभालीचं म्हणाल तर शेण आणि मूत्र लोखंडाला खातं, त्यात आमच्या अकोले तालुक्यात पश्चिमेला पाऊस एवढा की इथल्या डांगी जातीची जनावरं टिकतात पण पाइप टिकत नाही. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पाइप घेतला म्हणून निवांत राहू नका, वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळून जातं आणि गंज तिथूनच सुरू होतो, त्या जागा घासून झिंकचा रंग मारून घ्यावा लागतो. पाइपची टोकं उघडी ठेवू नका, आत पाणी साचून आतून गंजतो आणि बाहेरून कळत नाही. खांबाभोवतीचा कोबा जमिनीपेक्षा चार बोटं वर आणि उतरता करा, मूत्र तिथे थांबलं नाही पाहिजे. बिजागरीला ग्रीस लावा, महिन्यातून एकदा खूप झालं, पण जळकं ऑइल लावू नका, आपल्याकडे सर्रास लावतात, त्यात शिसं असू शकतं आणि गाई-वासरं ते चाटतात, विषबाधा होते. जुना शिशाचा रंग असेल त्याचंही तेच.

माझी जिल्हा परिषदेला आणि पशुसंवर्धन विभागाला विनंती आहे की घटसर्प आणि फऱ्या ह्या जनावरांच्या रोगांची लस पावसाळ्याआधी असते, तिच्या आधी म्हणजे एप्रिल-मे मध्येच प्रत्येक दवाखान्याचा खोडा तपासावा, पिना, बिजागऱ्या, जमिनीलगतचा पाइप. वेल्डिंगला तालुक्याच्या आयटीआयची पोरं आहेत, त्यांना काम पण शिकायला मिळेल. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने नाहीतर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने फाटकाचा आणि खोड्याचा एक साधा नकाशा काढावा, पाइपची जाडी, पिनेचं माप, बिजागरी कशी, कडी कुठली, सगळं मराठीत आणि वेल्डिंगवाल्याला समजेल असं, आणि गोठ्याच्या योजनेच्या कागदाबरोबर तो शेतकऱ्याला द्यावा. आणि संपादक साहेब, तो नकाशा निघाला तर आपल्या शेतीच्या पानावर अर्धं पान भरून छापा, आम्ही तो कापून वेल्डिंगच्या दुकानात चिकटवू.

आपला,
एक दूध उत्पादक, ता. अकोले, जि. अहिल्यानगर