टोपीच्या संचात चुकीची सुई आणि पत्रकात चुकीची ओळ

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : पट्ट्यांच्या सैल लोकरी टोपीच्या तीन संचांबाबत तक्रार

महोदय,

स. न. वि. वि.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आपल्याकडून या टोपीचे तीन संच मागवले. एक माझ्यासाठी, दोन माझ्याकडे विणकाम शिकायला येणाऱ्या मुलींसाठी. माझी टोपी निफाडला भावाकडे जायची होती. कडाक्याच्या थंडीत तो पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला बाहेर पडतो, म्हणून कान झाकणारी, मागे सैल पडणारी टोपी त्यानेच मागितली होती.

लोकरीबद्दल तक्रार नाही. मऊ आहे, आणि धुतल्यावर लाल रंग पांढऱ्या पट्ट्यात उतरला नाही.

सुईचं मात्र तसं नाही. खोक्यावर ४० सेंमी छापलं आहे आणि तिन्ही खोक्यांत ८० सेंमीची गोल सुई (लवचिक तारेने जोडलेल्या दोन सुया) निघाली. आपल्याच पत्रकाप्रमाणे १० सेंमीत २० टाके बसतात, म्हणजे १२० टाक्यांचा घेर ६० सेंमी. तो ८० सेंमीच्या सुईवर पोहोचणार कसा? काठाचे ९६ टाके तर त्याहून आखूड पडतात. मी मधूनच तार बाहेर ओढून, तिचा फास ठेवून विणलं. मुलींना हे कुठून येणार? एकीने टाके ताणून जोडायचा प्रयत्न केला आणि अर्धी ओळ सुईवरून निसटली.

मला खरा त्रास झाला तो पत्रकामुळे. टाळूकडे टोपी निमुळती करताना लिहिलं आहे : ‘१२ सुलट, २ टाके एकत्र, असे ८ वेळा’. १२ आणि २ मिळून १४, आठ वेळा ११२. सुईवर टाके आहेत १२०. उरलेल्या आठांचं काय करायचं? तिथे ‘१३ सुलट’ हवं होतं. मग आठही भाग पंधरा-पंधरा टाक्यांचे बरोबर पडतात. माझी एक विद्यार्थिनी या ओळीवर दोनदा उसवून पुन्हा विणत बसली. तिसऱ्या दिवशी सुया माझ्यापुढे ठेवून म्हणाली, ‘‘काकू, मला मोजताच येत नाही, मी सोडते.’’ तिचं मोजणं अगदी बरोबर होतं. चौदा वर्षांच्या मुलीला छापील कागद चुकीचा असेल असं वाटतच नाही, ती आपल्याच हाताला दोष देते. तिच्यासारख्या आणखी किती जणींनी ही टोपी अर्धवट ठेवली असेल, या विचाराने मी हे पत्र लिहायला बसले.

आणखी एक. गोल वीण जिन्यासारखी चढत जाते, त्यामुळे रंग बदलतो तिथे पट्ट्याला पायरी पडते. आपल्या खोक्यावरच्या फोटोत पट्टे सरळ जुळलेले आहेत, म्हणजे विणणारीला युक्ती ठाऊक आहे. नव्या रंगाची पहिली फेरी नेहमीसारखी विणायची. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला पहिल्या टाक्याखालचा जुन्या रंगाचा टाका डाव्या सुईवर उचलून दोन्ही एकत्र विणायचे. एवढं एक वाक्य पत्रकात घालायला काय हरकत होती?

मला पैसे परत नकोत. ४० सेंमीच्या तीन सुया पाठवा. पत्रक दुरुस्त करून पुन्हा छापा, आणि ज्यांनी ज्यांनी हा संच घेतला आहे त्या सगळ्यांना चुकीची ओळ कळवा. ही शेवटची मागणी माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा ‘नोंद घेतली’ एवढंच ऐकलं. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, १९१५ वर, तक्रार नोंदवणार आहे.

आपली,
एक ग्राहक, नाशिक

सोबत : बिलाची प्रत, मोजपट्टीशेजारी ठेवलेल्या सुईचा फोटो, पत्रकातल्या त्या ओळीचा फोटो