म्युझिक प्लेअरच्या तुलनेत चार्जिंगला एकच ओळ का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिजिटल म्युझिक प्लेअरची तुलना करणारे तक्ते छापून येतात, तेव्हा त्यांत साठवण किती जीबी, कोणत्या प्रकारच्या फाइली वाजतात, ब्लूटूथ कोणते, वजन किती ग्रॅम हे सगळे असते. चार्जिंगविषयी मात्र ‘बॅटरी : २० तास’ एवढीच ओळ सापडते. प्लेअर अडगळीत जातो तो आवाज बिघडल्यामुळे क्वचितच. चार्जिंगचे सॉकेट सैल होते, खास केबल हरवते आणि तशी दुसरी मिळत नाही, किंवा बॅटरी फुगते, म्हणून तो पडून राहतो. त्यामुळे त्या एका ओळीचा विस्तार व्हायला हवा, अशी विनंती आहे.

पहिली गोष्ट त्या तासांचीच. जाहिरातीतला आकडा बहुधा साध्या एमपी३ फाइली, पडदा बंद, आवाज बेताचा आणि वायरचे इअरफोन धरून काढलेला असतो. १२०० एमएएचची (मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते याचे माप) बॅटरी आणि सरासरी ६० मिलिअँपिअरचा खप धरला, तर भागाकाराने २० तास येतात. ब्लूटूथ लावले, मोठ्या हाय-रेझोल्युशन फाइली वाजवल्या किंवा जास्त ताकदीचे बॅलन्स्ड आउटपुट (हेडफोनसाठीची वेगळी जोडणी) वापरले की खप वाढतो आणि तास भराभर उतरतात. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांतही फरक पडतो. ॲपलच्या २००५ च्या पाचव्या पिढीच्या आयपॉडमध्ये ३० जीबीला १४ तास आणि ६० जीबीला २० तास असा कंपनीचाच दावा होता. जाड आवृत्तीत मोठी बॅटरी बसली होती, एवढेच त्याचे कारण. तेव्हा तासांसोबत बॅटरीची क्षमता आणि कोणत्या फाइलवर मोजले, हे छापले तरच तुलनेला अर्थ येतो.

दुसरी गोष्ट पिनेची. जुने प्लेअर अजूनही हौसेने घेतले आणि दुरुस्त केले जातात, आणि तिथे फसगत होते ती इथेच. १९९८ चा रिओ पीएमपी३०० एका एए सेलवर चाले, त्याला चार्जिंगचा प्रश्नच नव्हता. २००१ चा पहिला आयपॉड फायरवायरवर (संगणकाला जोडायच्या, यूएसबीहून वेगळ्या जोडणीवर) चार्ज होई. २००३ च्या तिसऱ्या पिढीत ३० पिनांचा चपटा कनेक्टर आला. हा प्लेअर यूएसबीने गाणी घेई, पण चार्ज होण्यासाठी त्याला फायरवायरच लागे. संगणकाला यूएसबीने जोडून ‘चार्ज होत नाही, बॅटरी गेली’ असा निष्कर्ष काढला जातो तो यामुळे. पुढच्या वर्षीच्या चौथ्या पिढीपासून यूएसबी चार्जिंग सुरू झाले. उलट २००८ पासूनच्या नॅनो आणि टच या आयपॉडमधून फायरवायर चार्जिंग काढून टाकले गेले, त्यामुळे फायरवायरची वीज देणाऱ्या जुन्या डॉकवर (प्लेअर बसवायच्या स्टँडवर) ते गाणी वाजवतात, पण चार्ज होत नाहीत. दुसऱ्या पिढीपासूनचे शफल हे छोटे आयपॉड तर इअरफोनच्या भोकातूनच चार्ज होतात; त्यांची खास केबल किंवा डॉक नसेल तर प्लेअर निरुपयोगी. सोनीच्या वॉकमनमध्येही बरीच वर्षे कंपनीचा स्वतःचा २२ पिनांचा कनेक्टर होता. म्हणून जुना प्लेअर घेताना केबल सोबत आहे का, हे आधी पाहावे. साठवण किती, हे नंतर.

आता बहुतेक नवे प्लेअर टाइप-सीचे असतात आणि प्रश्न मिटला असे वाटते. तो पूर्ण मिटलेला नाही. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलमधून चार्जर तोपर्यंत वीज सोडत नाही, जोपर्यंत पलीकडे उपकरण असल्याची खूण त्याला मिळत नाही. ही खूण म्हणजे उपकरणाच्या सॉकेटमागचे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर (विजेला विरोध करणारे बारीक भाग). काही स्वस्त प्लेअरमध्ये तेच वगळलेले असतात. असा प्लेअर नव्या चार्जरवर मख्ख बसतो आणि जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलवर लगेच चार्ज होऊ लागतो, कारण त्या केबलमधून ५ व्होल्ट कायम येत असतात. प्लेअर बिघडला म्हणून परत करण्याआधी ही केबल लावून पाहावी. तुलना करणाऱ्यांनी तर दोन्ही केबलींवर तपासून तसे लिहिलेच पाहिजे. दोन मिनिटांचे काम आहे.

चार्जरच्या वॅटची भीती मात्र अनाठायी आहे. ६५ वॅटचा चार्जर प्लेअरमध्ये ६५ वॅट ढकलत नाही. प्लेअरने मागणी केल्याशिवाय चांगला चार्जर ५ व्होल्टच्या वर जात नाही आणि करंट किती घ्यायचा हे प्लेअरमधले सर्किट ठरवते. खरी अडचण उलट बाजूने येते. यूएसबी २.० च्या पोर्टमधून संगणकाशी बोलणी होण्याआधी १०० मिलिअँपिअर आणि नंतर ५०० पर्यंत करंट घेण्याची मुभा असते. १२०० एमएएचची बॅटरी ५०० ने साधारण तीन-साडेतीन तासांत भरते, कारण बॅटरीने ४.२ व्होल्ट गाठल्यावर करंट हळूहळू कमी होत जातो आणि शेवटचा टप्पा रेंगाळतो. तीच बॅटरी १०० वर अडकली तर १२ तासांहून जास्त लागतात. फक्त चार्जिंगच्या, डेटाच्या तारा नसलेल्या केबलने काही प्लेअर असेच अडकतात, तर काही चार्जच होत नाहीत.

पॉवर बँकेचे दुखणे वेगळे. करंट ठरावीक मर्यादेखाली गेला की ती ‘काही जोडलेले नाही’ असे समजून बंद होते. छोट्या क्लिपच्या प्लेअरची बॅटरीच इतकी लहान, की तो सुरुवातीपासून किंवा शेवटच्या टप्प्यात त्या मर्यादेखाली येतो आणि अर्धवट भरून राहतो. काही पॉवर बँकांत कमी करंटची खास सोय असते, बहुधा बटण दोनदा दाबून किंवा दाबून धरून ती सुरू होते. अशा प्लेअरसाठी तीच घ्यावी.

सेलवर चालणारे प्लेअर तुलनेतून सरसकट वगळले जातात, हे मला पटत नाही. सेल बदलायला अर्धा मिनिट लागतो आणि दहा वर्षांनीही नवा सेल मिळतो. मात्र रिचार्जेबल निकेल सेल १.२ व्होल्टचा असल्याने बॅटरीची खूण लवकर ‘संपली’ दाखवते. तो दोष सेलचा नाही. एए आकाराचाच ३.७ व्होल्टचा लिथियम सेल मिळतो, तो चुकूनही घालू नये. प्लेअर महिनाभर वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावा. अल्कलाइन सेल गळाला की स्प्रिंग गंजते. कापसाच्या बोळ्याला थोडे व्हिनेगर लावून ती पुसावी आणि कोरडी करावी.

आतल्या लिथियम बॅटरीला पूर्ण रिकामे पडून राहणे सोसत नाही आणि पूर्ण भरून उष्ण जागी राहणेही. ठेवून द्यायचा प्लेअर अर्धा भरून ठेवावा, तीन-चार महिन्यांनी पुन्हा तेवढा करावा. वर्षभर पडलेला प्लेअर जोडल्यावर पडदा उजळला नाही तरी तासभर थांबावे, कारण सर्किट आधी अगदी थोडा करंट देऊन व्होल्टेज वर आणते. पाठ उचलली गेली असेल, बटणे घट्ट झाली असतील किंवा पडद्यावर डाग दिसत असेल, तर बॅटरी फुगली आहे. मग चार्जिंग लगेच बंद. ती टोचू नये, दाबू नये, ई-कचऱ्यातच द्यावी.

युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून टाइप-सी सक्तीचे केले, त्या यादीत हेडफोन, इअरबड, स्पीकर, ई-रीडर आहेत. म्युझिक प्लेअरचा स्वतंत्र उल्लेख नाही. ही उणीव खटकणारी आहे. बॅटरीबाबतचा त्यांचा दुसरा नियम मात्र व्यापक आहे : १८ फेब्रुवारी २०२७ पासून काही अपवाद वगळता उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे. आज बहुतेक प्लेअरमध्ये ती गोंदाने चिकटवलेली असते.

तुलनेच्या तक्त्यात आणखी पाच रकाने घालावेत : कनेक्टर कोणता, दोन्ही प्रकारच्या केबलवर चार्ज होतो का, जास्तीत जास्त किती करंट घेतो, चार्ज होताना खरखर न येता वाजतो का, आणि बॅटरी स्क्रू काढून बदलता येते की गोंद सोडवावा लागतो. जागा कमी पडत असेल तर वजनाचा रकाना काढला तरी चालेल.

कळावे,
एक वाचक