माझा एकांत राखणाऱ्या वाटाड्याकाकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

त्या रात्रीला तीन आठवडे होऊन गेले, तरी कड्याजवळचे ते वळण आठवले की अजूनही डोळे भरून येतात, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आईच्या दीर्घ आजारपणात आणि ती गेल्यानंतरही कित्येक महिने मी क्षणभरसुद्धा एकटी नव्हते. ‘तिला एकटे सोडू नका’ असे प्रत्येक जण दुसऱ्याला बजावत होता आणि मला तर नेमके एकटे राहणेच हवे होते. ‘रानातील शांतता’ अशी जाहिरात वाचून मी याआधी दोन सहलींना गेले होते. तिथे चाळीस माणसे होती, शिट्टीवर उठणे-बसणे होते आणि सूर्यास्ताच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटे होती. मी जरा बाजूला जाऊन बसले, तर संयोजकांनी चारचौघांत हाक मारून मला परत आणले. सुरक्षिततेची काळजी मी समजू शकते. पण काळजी आणि पहारा यांतला फरक त्यांना उमगला नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

त्या रात्री कड्यावर मात्र तुम्ही एवढेच विचारलेत, “किती वेळ बसायचंय?” मला उत्तर देता आले नाही. तेव्हा आपली काठी माझ्या हाती देऊन तुम्ही पन्नासेक पावलांवरच्या वळणाशी गेलात, माझ्याकडे पाठ करून बसलात आणि विजेरी विझवलीत.

त्या विझवलेल्या विजेरीचे ऋण मी कसे फेडू? डोळ्यांतील दंडपेशींना, म्हणजे मंद उजेडात पाहणाऱ्या पेशींना, अंधाराला सरावायला अर्धा तास तरी लागतो आणि प्रखर उजेडाची एक तिरीप तो सराव क्षणात मोडते. तुम्ही ती तिरीप पडू दिली नाहीत. आधी सगळे काळेभोर होते. मग कड्याची धार दिसू लागली, मग गवताची राखाडी पाती, आणि अखेर निव्वळ चांदण्यांच्या उजेडात माझा स्वतःचा हात. माझ्या चेहऱ्याकडे पाहणारे कोणी नव्हते, त्यामुळे चेहरा सांभाळायचे कारणही उरले नव्हते. आई गेल्यानंतर त्या रात्री मी पहिल्यांदा मोठ्याने रडले. वाऱ्याने गवत हलत राहिले, दूर कुठेतरी एक पक्षी ओरडला आणि ‘काय झाले’ असे कोणीही विचारले नाही.

अमेरिकेत 1964 साली रानांच्या रक्षणाचा कायदा झाला. माणूस हा रानातला पाहुणा आहे, तो तिथे मुक्कामाला राहत नाही, अशा अर्थाचे शब्द त्या कायद्यात आहेत. त्याचा मसुदा लिहिणारे हॉवर्ड झानायझर आठ वर्षे त्यासाठी झटले आणि कायद्यावर सही होण्याच्या चारच महिने आधी वारले. जो एकांत आपल्याला भोगायला मिळणार नाही, तो परक्यांसाठी राखून ठेवणाऱ्या अशा माणसांविषयी मला फार आदर वाटतो, आणि तुम्ही मला त्यांच्याच पंगतीतले वाटता.

निघायची वेळ झाली तेव्हाही तुम्ही हाक मारली नाहीत. वळणावरूनच दोनदा खाकरलात आणि मी उठेपर्यंत थांबलात. गडबडीत तुमची काठी माझ्याकडेच राहिली आहे. ती द्यायला मी येईन. तुम्हालाही कधी तिथे एकटे बसावेसे वाटत असेल, तर त्या रात्री वळणाशी पाठ करून मी बसेन.

आपली कृतज्ञ,
त्या रात्रीची पाहुणी