'आमच्याकडे तर नीट दिसतंय'

संपादक महोदय,

गेली पंधरा वर्षं मी लहान संस्थांच्या वेबसाइट सांभाळतो. मध्यंतरी एका संस्थेचा पत्ता हवा होता म्हणून गुगलवर तिचं नाव टाकलं, तर तिच्याच साइटच्या नावाखाली ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती. एकदोन नव्हे, पानंच्या पानं. तोच पत्ता ब्राउझरमध्ये हाताने टाइप केला, तर साइट अगदी सोज्वळ: अध्यक्षांचा फोटो, वार्षिक सभेची सूचना.

या कामातल्या लोकांना हा प्रकार ठाऊक आहे. कुणीतरी जुनाट प्लगइनमधून (साइटला जोडलेल्या छोट्या प्रोग्राममधून) शिरून एक फाइल ठेवून जातो. ती आलेला पाहुणा कोण ते बघते. गुगलचा बॉट (शोधासाठी साइट आपोआप वाचत फिरणारा प्रोग्राम) असेल तर जुगाराची पानं पुढे करते, गुगलवरून आलेल्या माणसाला भलत्याच साइटवर धाडते आणि थेट पत्ता टाकून येणाऱ्या मालकाला नेहमीचं पान दाखवते. याला 'क्लोकिंग' म्हणतात. त्यामुळे ज्याच्या घरात चोर, त्यालाच शेवटी कळतं.

कळवायचं कुणाला? संपर्काचा फॉर्म भरला, एरर आली. मेल पाठवला, तो परत आला. अखेर फोन लावला. "आमच्याकडे तर नीट दिसतंय." म्हटलं, एकदा गुगलवरून या. थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "पण तुम्ही आमच्या साइटमध्ये शिरलात कशाला?"

खरं तर त्याहून गंभीर गोष्ट सांगायची राहिली होती. त्याच शोधात सभासदांचे अर्जही येत होते, जन्मतारखा आणि मोबाइल नंबरांसकट. तेही कळवलं. उत्तर नाही. काही दिवसांनी जुगार गेलेला दिसला. अर्जांच्या फोल्डरचं नाव मात्र त्यांनी 'रोबोट्स डॉट टीएक्सटी'मध्ये घातलं होतं. ही फाइल बॉटना 'इकडे येऊ नका' अशी विनंती करते, अडवत कुणालाच नाही. शिवाय ती कुणालाही उघडून वाचता येते. कपाटाला कुलूप नाहीच, वर कपाट कुठे आहे त्याची पाटी!

दोष कळवणाऱ्यासाठी एक साधी सोय २०२२पासून रीतसर ठरलेली आहे ('आरएफसी ९११६' या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात). साइटवर 'सिक्युरिटी डॉट टीएक्सटी' नावाची फाइल ठेवायची. सक्तीच्या ओळी दोनच: कुठे कळवायचं आणि ही माहिती कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य. दिलेला पत्ता कुणीतरी रोज उघडून वाचणारा हवा, एवढंच. बक्षीस नको, "मिळालं, बघतो" इतकं उत्तर पुरे. कळवणाऱ्याची उलटतपासणी झाली, तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल. मीही बसेन बहुधा.

हे पत्र पाठवण्याआधी आपल्या दैनिकाच्या साइटवर ती फाइल शोधली. सापडली नाही.

– एक नियमित वाचक