खुर्ची फिरवून बसलेल्या ताईंना

प्रिय ताई,

आमच्या संस्थेच्या नव्या वेबसाइटचं तुमचं काम संपलं त्या दिवशी तुम्हाला तीन ओळींचा मेसेज पाठवला होता. ‘खूप खूप आभार, साइट सुंदर झाली आहे’ वगैरे. पाठवला आणि लगेच वाटलं, यात मला म्हणायचं होतं ते कुठेच नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. आमच्यासारख्या लहान संस्था चालवणाऱ्या कुणाच्या तरी हाती लागावं म्हणून. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. कुणाचं नाव किंवा फोटो वेबसाइटवर टाकण्याआधी त्या माणसाला विचारायचं, हे तुमच्याकडूनच शिकले, आणि तुम्हाला मी अजून विचारलेलं नाही.

मला त्या एका दुपारबद्दल बोलायचं आहे. नवं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घ्यायचं होतं. मी वही-पेन घेऊन शेजारी बसले होते, तुम्ही कराल आणि मी बघेन असं धरून. तुम्ही लॅपटॉप माझ्यापुढे सरकवलात. ‘खातं संस्थेच्या नावाने, ईमेल संस्थेचा, आणि टाइप तुम्ही करायचं. मी इथेच आहे.’ मी एकेक अक्षर शोधत नाव भरलं, पत्ता भरला. मग पासवर्डची चौकट आली. तुम्ही काही न बोलता खुर्ची फिरवलीत आणि माझ्याकडे पाठ करून बसलात. माझा पासवर्ड पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदाही चुकला. तरी तुम्ही मागे वळून पाहिलं नाहीत, घाईही केली नाहीत. तिसऱ्यांदा जमला तेव्हा मी ‘झालं’ म्हणाले, आणि मगच खुर्ची परत फिरली.

तुमच्यासाठी ती सवय असेल. कदाचित तुम्हाला ते आठवतही नसेल. माझ्या मात्र घशाशी आलं होतं. पाणी आणायच्या निमित्ताने मी उठून गेले ते त्यासाठी.

त्याआधी काय झालं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण ते सगळं एका दमात मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं आवाजात रेकॉर्ड करणारी आमची छोटी संस्था. आमची पहिली वेबसाइट एका गृहस्थांनी ‘समाजकार्य म्हणून’ निम्म्या पैशांत करून दिली. आम्ही भारावलो. त्यानंतर दर वेळी काही दुरुस्ती सांगायची म्हटली की जीभ अडायची. फुकटासारखं काम करणाऱ्याला किती त्रास द्यायचा? पासवर्ड मागितले तर उत्तर यायचं, ‘तुम्हाला ते कळणार नाही, मी आहे ना.’ पुढे फोन उचलणं बंद झालं. एका सकाळी आमच्या पत्त्यावर भलत्याच जाहिरातींचं पान उघडलं. डोमेनची मुदत संपली होती. मुदत संपल्यावरही काही काळ मूळ मालकाला ते सोडवून घेता येतं, पण मालक आम्ही नव्हतोच. नोंदणी त्यांच्या स्वतःच्या नावावर होती. दहा वर्षं ज्या घरात राहिलो त्याचा कागद दुसऱ्याच्याच नावावर निघावा, तसं झालं. आमची छापील पत्रकं, वाचकांनी पाठ केलेला पत्ता, सगळं एका रात्रीत निरुपयोगी झालं. आणि सगळ्यांत लागलं ते हे, की वाचक फोन करून विचारत होते, ‘संस्था बंद झाली का?’

त्यानंतर दोन कंपन्यांना भेटलो. दोघांनीही रंगीत सादरीकरणं दाखवली, हलणारी छायाचित्रं दाखवली, दर महिन्याच्या देखभालीचा करार पुढे ठेवला. आमचे वाचक कोण आहेत, हे एकानेही विचारलं नाही. पडद्याकडे न पाहता वेबसाइट वापरणाऱ्या माणसांसाठी ते आम्हाला हलणारी छायाचित्रं विकत होते.

तुम्ही पहिल्या भेटीत विचारलंत, ‘तुमच्या एखाद्या वाचकाला बोलावता येईल का?’ आमच्या एक जुन्या वाचक आल्या. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरातली वेब पानं जपून ठेवते, हे मला तुमच्यामुळे कळलं. तिथे आमच्या हरवलेल्या वेबसाइटच्या जुन्या प्रती निघाल्या. मला वाटलं होतं सगळं संपलं, आणि पडद्यावर आमचीच पानं उभी राहिली! बाईंनी एनव्हीडीए सुरू केला. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा हा मोफत स्क्रीन रीडर २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने लिहायला घेतला, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. मग बाई पुस्तकांची यादी उघडायला गेल्या आणि खोलीत आवाज घुमू लागला, ‘ग्राफिक, ग्राफिक, ग्राफिक.’ अख्खी यादी चित्रं करून चिकटवलेली होती. चित्रांमागे वर्णन म्हणून एक शब्द नाही. इतकी वर्षं आम्ही ज्यांच्यासाठी पुस्तकं वाचत होतो, त्यांना पुस्तकाचं नावसुद्धा आमच्या वेबसाइटवर ऐकू येत नव्हतं. ‘मी नेहमी फोनच करायचे,’ त्या सहज म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही.

तुम्ही तेव्हा आम्हाला काही सुनावलं नाहीत. आधीच्या माणसालाही नावं ठेवली नाहीत. चाळीस मिनिटं त्यांच्या शेजारी बसून, त्या कुठे अडतात ते लिहून घेत राहिलात. मी अस्वस्थ होऊन मध्येच बोलायला गेले, तर हाताने थांबवलंत.

पुढच्या कामाचं सगळं सांगत बसत नाही. मला त्यातलं निम्मंच कळतं. पण जुन्या फॉन्टमधला आमचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्याच ओळखल्या जाणाऱ्या अक्षरांत, आणताना रफार आणि वेलांट्या जागोजागी तुटल्या होत्या, आणि त्या तुम्ही यंत्रावर न सोडता आमच्याबरोबर ओळ न् ओळ तपासल्यात, हे सांगायलाच हवं. चुकीची वेलांटी डोळ्यांनी वाचणारा माणूस सांभाळून घेतो. स्क्रीन रीडर ती चुकीचीच वाचतो. अध्यक्षांना फिकट करड्या अक्षरांचा मोह पडला होता, तेव्हा तुम्ही शांतपणे सांगितलंत की सुगम्यतेच्या, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या, जागतिक निकषांत मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ लागतं, आणि आमच्या अंधुक दिसणाऱ्या वाचकांसाठी तेवढं तरी हवंच. अध्यक्ष मानले. ते सहसा कुणाचं मानत नाहीत.

आणि जे तुम्ही कबूल केलं नाहीत, त्याबद्दलही आभार. जुना पत्ता परत मिळेल का, असं मी दोनदा काकुळतीने विचारलं. ‘प्रयत्न करू, पण वचन देत नाही,’ असं दोन्ही वेळा म्हणालात. तो मिळाला नाही. पण त्या एका वाक्यामुळे, तुम्ही ‘होईल’ म्हणालात ते होईल, यावर माझा विश्वास बसला. महिन्याच्या कराराचं मीच काढलं, तेव्हा म्हणालात, ‘एवढ्या कामासाठी दर महिन्याला माझी गरज नाही. अडलं तर फोन करा, लागेल तेवढ्या वेळाचे पैसे घेईन.’

पैशांबद्दल मला आणखी एक म्हणायचं आहे. तुम्ही आम्हाला फुकट काहीच करून दिलं नाहीत. दर आधी सांगितलात, काम लिहून दिलंत, बिल वेळेवर पाठवलंत. आमच्या कार्यकारिणीत कुणीतरी कुरकुरलं, ‘संस्थेसाठी थोडं कमी करायला हवं होतं.’ मी तिथेच सांगितलं की उपकार म्हणून केलेल्या कामाची किंमत आपण एकदा मोजली आहे. तुमचं बिल हातात होतं म्हणून मला प्रश्न विचारता आले, चुका दाखवता आल्या, ‘हे पुन्हा समजावा’ म्हणता आलं. एकट्याने काम करणाऱ्या माणसाने आपल्या मेहनतीचे पैसे मागावेत आणि समोरच्याचं जे आहे ते समोरच्याच्या हाती सोपवून बाजूला व्हावं, यापेक्षा सरळ व्यवहार मला माहीत नाही. सज्जनपणा म्हणजे गोड बोलणं, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. आधीचे गृहस्थ फार गोड बोलायचे.

तुम्ही दिलेला जाड लिफाफा कपाटात आहे. कुठलं खातं कुठे आहे, कशाची मुदत कधी संपते, उद्या तुमच्याऐवजी दुसरं कुणी काम करणार असेल तर त्याला काय दाखवायचं, सगळं त्यात आहे. स्वतःच्या जागी दुसरं कुणी येईल हे धरून लिहिलेले कागद मी पहिल्यांदाच पाहिले.

त्या वाचक बाईंनी नव्या वेबसाइटवरून पहिल्याच दिवशी स्वतः एक पुस्तक शोधलं. तरी फोन केला, शोधलं हे सांगायला. आणि डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना या वर्षी संस्थेच्या ईमेलवर आली. ते काम मी आमच्या नव्या कोषाध्यक्षांना शिकवलं. पासवर्डची चौकट आली तेव्हा मी खुर्ची फिरवली.

जाता जाता एक राहिलं. नूतनीकरणाच्या त्याच दिवशी संध्याकाळी मी अडले म्हणून तुम्ही जवळजवळ तासभर फोनवर होतात. त्याचं बिल अजून आलेलं नाही. ते पाठवा.

आपली,
संस्थेची सचिव