गहू बंद करण्याआधी रक्त तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अंगात रक्त भरत नाही, पोट सतत बिघडते किंवा मुलाची उंची खुंटली, की 'महिनाभर गहू बंद करून पाहा' असा सल्ला हल्ली कुणीही देतो. आमच्या अकरा वर्षांच्या मुलीचे हिमोग्लोबिन रक्तवाढीची औषधे घेऊनही आठच्या वर जाईना, तेव्हा आम्हीही तो मानला. ज्वारी-नाचणीच्या भाकरीवर तिला बरे वाटू लागले. पण सात-आठ महिन्यांनी सीलिॲकसाठी (गव्हातील ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार) केलेली टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडांची चाचणी निगेटिव्ह आली आणि आम्ही निश्चिंत झालो.

ती निश्चिंती चुकीची होती. ही प्रतिपिंडे गहू, जव यांतील ग्लूटेन पोटात जात असेल तरच शरीर तयार करत राहते. ते थांबले की रक्तातील त्यांचे प्रमाण हळूहळू उतरते आणि आजार असूनही अहवाल निर्दोष दिसतो. पोटविकारतज्ज्ञांनी मुलीला पुन्हा सहा आठवडे रोज दोन्ही वेळा पोळी खायला लावली. "आई, आज अर्धीच खाल्ली तर चालेल का?" असे ती पोट धरून विचारायची. त्यानंतर चाचणी पॉझिटिव्ह आली आणि दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा तपासल्यावर निदान पक्के झाले. चाचणी आधी केली असती तर हे सहा आठवडे वाचले असते.

आणखी एक गोष्ट चिठ्ठीवर बहुधा राहून जाते. सीलिॲकच्या शंभरांतील दोन-तीन रुग्णांच्या शरीरात आयजीए हा प्रतिपिंडांचा प्रकार जवळजवळ तयारच होत नाही, त्यामुळे त्यांची टीटीजी-आयजीए फसवी निगेटिव्ह येते. सोबत एकूण आयजीए मोजले तर ही उणीव लगेच कळते आणि मग आयजीजी प्रकारची चाचणी करता येते. (पॅकेजमध्ये खपवली जाणारी शंभर पदार्थांची 'फूड इनटॉलरन्स' तपासणी वेगळी, तिच्यावरून सीलिॲकचे निदान होत नाही.)

निदान झाल्यावरचे पथ्य जन्माचे असते, आणि ते पोळी-ब्रेडपाशी संपत नाही. आमच्या फोडणीतल्या हिंगाच्या डबीवरही बारीक अक्षरांत गव्हाचे पीठ निघाले. म्हणून अंदाजाने सुरू केलेले पथ्य मला धोक्याचे वाटते: खात्री नसली की लग्नकार्यात ते हमखास मोडते.

सख्ख्या भावंडांनाही हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असल्याने धाकट्याचे रक्त पुढच्या आठवड्यात द्यायचे आहे. तोवर त्याच्या डब्यात पोळीच आहे.

– एक वाचक, सातारा